मुद्दाम केलेली भेसळ : रक्तातले प्रथिन मोजण्याचा इतिहास

१/ कर्करोगामुळे थायरॉइड ग्रंथी पूर्णपणे काढल्यावर रुग्णाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन जवळजवळ उरत नाही. ते वाढू लागले, की रोग परतल्याची शंका येते. परंतु अनेक रुग्णांच्या शरीरात याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. ती प्रथिनाला आधीच चिकटतात. मग प्रतिपिंडांवरच बेतलेली नेहमीची चाचणी ‘काही नाही’ असे सांगते. रोग असतानाही!

२/ या फसगतीवरील उपायाचे मूळ मात्र रक्तात नाही, खडकात आहे. १९३२ साली जॉर्ज द हेवेशी आणि हॉबी यांना खडकांतील अत्यल्प शिसे मोजायचे होते. वेगळे काढताना ते वाया जाई. त्यांनी नमुन्यात रेडियम-डी, म्हणजे शिशाचाच किरणोत्सारी समस्थानिक, ठरावीक प्रमाणात मिसळला. ज्या प्रमाणात तो हरवेल, त्याच प्रमाणात मूळचे शिसेही हरवणार.

३/ ज्वारीच्या पोत्यात १०० रंगवलेले दाणे नीट मिसळावेत. मुठीत एका रंगीत दाण्यामागे ५०० साधे निघाले, तर पोत्यात सुमारे ५०,००० दाणे. मग पोते फाटून अर्धी ज्वारी सांडली, तरी हिशेब बिघडत नाही.

४/ १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील रिटनबर्ग व फॉस्टर यांनी हीच युक्ती स्थिर समस्थानिकांनिशी अमिनो आम्लांना लावली. अख्खे प्रथिन मात्र मास स्पेक्ट्रोमीटरच्या आवाक्याबाहेर राहिले. वायुरूप करू गेल्यास ते मोडून पडे. ही अडचण १९८०च्या दशकात फेन आणि तनाका यांनी दोन वेगळ्या वाटांनी सोडवली. २००२चे नोबेल त्यासाठीच.

५/ १९९६ साली अमेरिकेत बार व सहकाऱ्यांनी अपोलिपोप्रोटीन ए-१ ट्रिप्सिनने कापले आणि त्याचा एक ठरावीक तुकडा, म्हणजे पेप्टाइड, जड समस्थानिक असलेल्या जुळ्या तुकड्याशी ताडून मोजला. तुकडे मोजले की प्रथिनाचे रेणू मोजले! २००३ मध्ये हार्वर्डच्या गीगी यांच्या गटाने या पद्धतीला ‘अ‍ॅक्वा’ हे नाव रूढ केले.

६/ २००८ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हूफनागल व सहकाऱ्यांनी ती थायरोग्लोब्युलिनला लावली. ट्रिप्सिन आपपर पाहत नाही. प्रथिनाबरोबर ते झाकणारी प्रतिपिंडेही चिरली जातात. सुट्या झालेल्या पेप्टाइडला टिपायला पुन्हा एक प्रतिपिंडच वापरले गेले, हा त्यातला गमतीचा भाग.

७/ तरीही ‘निरपेक्ष मोजमाप’ हा शब्द जपूनच घ्यावा लागतो. जड पेप्टाइड आयतेच कापलेले असते. ट्रिप्सिनने प्रथिन अर्धवट कापले, तर ती तूट त्याला कळत नाही. पोते फाटल्यावर रंगीत दाणे टाकावेत, तसे ते होते. म्हणून पुढे काही प्रयोगशाळांनी अख्खे प्रथिनच जड समस्थानिकांचे बनवून सुरुवातीला मिसळायला घेतले. प्रतिपिंडे असलेल्या काही रुग्णांत तर रोग डोळ्यांसमोर असूनही या चाचणीला थायरोग्लोब्युलिन सापडत नाही. प्रतिपिंडांना चिकटलेले प्रथिन शरीर रक्तातून लवकर काढून टाकत असावे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.