लघु, गुरू आणि बंद झरोका

वृत्तांचा तास घेताना आम्ही गण आणि यती यांपाशी थांबतो. मोजणी गणिताच्या विभागाकडे सोपवतो. हे विभाजन भास्कराचार्यांना मान्य झाले नसते. 'लीलावती'त (1150) ते सहा अक्षरी गायत्रीचरणाचे लघुगुरुभेद विचारतात. प्रत्येक अक्षराच्या अवस्था दोन, आणि एकाची निवड दुसऱ्यास बांधत नाही. म्हणून बेरीज नव्हे, गुणाकार: 64. चारही चरण स्वतंत्र धरले तर 64 चा चौघात, म्हणजे 1,67,77,216.

त्याच ग्रंथात आठ झरोक्यांचा राजप्रासाद आहे. एक, दोन, तीन असे झरोके उघडण्याचे प्रकार 8, 28, 56, 70, 56, 28, 8, 1, एकूण 255. दोनाचा आठ वेळा गुणाकार मात्र 256. वगळलेला एक म्हणजे सर्व झरोके बंद. उलट सर्वलघू चरण 64 मध्ये आहे, कारण गुरू नसला तरी चरण हा चरणच. एकोणिसाव्या शतकात बोल्ट्झमनने वायूच्या अवस्था मोजल्या, तेव्हा स्वतंत्र भागांच्या अवस्था अशाच गुणल्या. गुणाकाराची बेरीज व्हावी म्हणून एन्ट्रॉपीच्या सूत्रात लॉगरिदम आला.

स्वातंत्र्य गृहीत धरण्यातच खरी मेख आहे. आपल्या जातिवृत्तांत मात्रांची बेरीज ठरलेली असते. चार मात्रांचे भेद 5. दोन चतुर्मात्रक गट वेगळे राखले तर 25. सलग आठ मात्रा घेतल्या तर 34. वाढलेल्या 9 भेदांत एक गुरू चौथ्या व पाचव्या मात्रेवर पसरून गटांमधली भिंत ओलांडतो.