साडेअकरा पौंड आणि घड्याळ

४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या २२ वर्षांच्या तरुणाने बडोदा संस्थानाशी एक करार केला. अमेरिकेत जाऊन ठरलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर १० वर्षं संस्थानाची नोकरी करायची. बदल्यात ३ वर्षं महिना साडेअकरा पौंड. मुदतही ठरलेली होती, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६.

बाबासाहेबांच्या कोलंबियाबद्दल बोलताना आपण एकदम तिथल्या ग्रंथालयात जाऊन पोचतो. त्याआधीचे सहा महिने फारसं कुणी सांगत नाही. मला तेच महत्त्वाचे वाटतात. आज ज्या घरातलं पोर बाहेर शिकायला निघालंय, त्या घराला ते लगेच कळतील.

त्या वर्षी जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तिथे जातीचा त्रास होणार हे ओळखून वडील, रामजी सुभेदार, नको म्हणत होते. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला ते गेले. घरी रमाबाई, दोन महिन्यांचाही न झालेला यशवंत आणि बाकीचं कुटुंब. अशा वेळी चार नातेवाईक काय सांगतात ते आपल्याला माहीत आहे. शिकलास तेवढं पुरे, आता नोकरी धर. आणि त्यात त्यांचं चूकही नसतं हो, घर चालवायचं असतं.

तेवढ्यात सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार असल्याचं कळलं. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले, अर्ज केला आणि निवड झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात असतानाही महाराजांचीच महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती, म्हणजे ओळख जुनी. तरी सही करताना त्या मुलाच्या मनात काय चाललं असेल! वडिलांना जाऊन चार महिने झालेले, मांडीवरचं पोर मागे ठेवून जायचं आणि परतल्यावरची १० वर्षं आधीच लिहून द्यायची.

आता त्या तारखा पुन्हा बघा. मुदत १५ जूनला सुरू झाली आणि बोट न्यूयॉर्कला लागली जुलैत. म्हणजे महिनाभर वर्गात पाऊल टाकायच्या आधीच संपला.

पुढे १९१५ मध्ये एम.ए. झालं आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. शिष्यवृत्तीला वर्षभराची वाढ मिळाली, पण १९१७ मध्ये तीही संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन पुरा करायची सवलत तेवढी मिळाली होती. करार होता म्हणून ते बडोद्याला गेले. तिथे कचेरीतली माणसं लांबूनच कागद टाकत. राहायला घर मिळेना म्हणून पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. १० वर्षांची नोकरी काही महिन्यांतच संपली.

सयाजीरावांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यांनी दार उघडलं, ही फार मोठी गोष्ट. पण शिष्यवृत्ती नुसत्या रकमेवर मोजू नये. पैसा कधी सुरू होतो, कधी संपतो आणि परत आल्यावर काय वाढून ठेवलेलं असतं, तेही बघावं लागतं.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. या वेळी सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपये उसने होते. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पहिल्या फेरीत वर्ष-दोन वर्षं आणखी मिळाली असती, तर हा दुसरा खटाटोप वाचला असता.

आज राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची परदेश शिष्यवृत्ती त्याच शाहू महाराजांच्या नावाने आहे. तिकडचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. त्याआधी विद्यापीठाची अनामत भरायची, व्हिसासाठी पैशांची सोय दाखवायची, तिकीट काढायचं, खोलीचं भाडं आगाऊ द्यायचं. निवड यादी लांबली की ज्याच्या बापाकडे जमीन आहे तो ती गहाण टाकतो, ज्याच्याकडे नाही तो पुढच्या वर्षीची वाट बघतो.

म्हणून आपल्या आमदारांकडे एवढंच मागू या. यादीची तारीख जाहिरातीतच छापा, ती मे महिन्याच्या पुढे जाऊ देऊ नका आणि पहिला हप्ता विमानात बसायच्या आधी खात्यावर टाका.