बॉस परिचालन प्रणाली

भारत सरकारच्या साहाय्याने विकसित झालेली मुक्तस्रोत संगणक परिचालन प्रणाली. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने ती सिद्ध केली. पहिली आवृत्ती २००७ मध्ये प्रसृत झाली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय करण्यात आली. विंडोजला स्वदेशी पर्याय म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला, विशेषतः २०१५ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा. वस्तुतः तिचा गाभा म्हणजे १९९३ पासून जगभरच्या स्वयंसेवी तज्ज्ञांनी घडविलेली डेबियन लिनक्स प्रणाली होय. ‘स्वदेशी’ हे विशेषण जुळणी व भाषांतर यांपुरतेच खरे.

प्रसार मात्र मर्यादित राहिला. कार्यालयीन कामकाज विंडोजसाठीच लिहिलेल्या आज्ञावल्यांवर चाले. महाराष्ट्रात आणखी एक अडचण होती. मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या शासकीय कार्यालयांतील बराच मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठलेला होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. अशा फाँटपैकी काही सी-डॅकच्याच, विंडोजवर चालणाऱ्या आयएसएम आज्ञावलीतील होते, हे विलक्षणच. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही वेगळी प्रणाली निवडली.