तारेची जमाबंदी

महसुली इतिहासाच्या अभ्यासकांना इंदापूर तालुक्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनेत केलेली जमीनपाहणी मोजणीतील दोषांमुळे आणि उत्पन्नाच्या फाजील अंदाजांमुळे फसली, सारा डोईजड होऊन रयतेने शेते टाकून दिली, आणि अखेर १८३५-३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून मोजणीला पुन्हा आरंभ करून तीस वर्षांच्या मुदतीने सारा कायम केला. आपल्या देशातील केबल दूरचित्रवाणी ॲनालॉग पद्धतीतून डिजिटल पद्धतीत गेली, तो सारा वृत्तान्त आठवताना मला वारंवार हे इंदापूर आठवते. कारण चित्र स्वच्छ होणार, वाहिन्या वाढणार अशी दवंडी कितीही पिटली गेली असली, तरी या स्थित्यंतराच्या मुळाशी होती ती मोजणी.

दूरदर्शनच्या आरंभकाळात मोजणीचा असा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, पुढल्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यासही दिसू लागले, आणि संच घरी आणणाऱ्याला टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. परवान्याची ती पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. गच्चीवर एकाने ॲन्टेना फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं... गेलं’ असा पुकारा करायचा, एवढाच मग प्रेक्षकाचा आणि प्रक्षेपणाचा व्यवहार उरला. पुढे १९९१ चे आखाती युद्ध उपग्रहाच्या तबकडीतून लोकांनी पाहिले, १९९२ च्या ऑक्टोबरात झी वाहिनी आली, आणि बघता बघता शहराशहरांतून केबलचा एक नवा धंदा उभा राहिला.

गिरणगावातील एका चाळीत, जिन्याखालच्या खोलीत या धंद्याचे मूळ पीठ मी पाहिले आहे. लोखंडी घोडीवर एकेका वाहिनीसाठी एकेक मॉड्युलेटर मांडलेला, पंख्यांची घरघर अखंड चाललेली, आणि खिडकीतून बाहेर पडलेली काळी तार गच्चीवरून गच्चीवर, वाटेतल्या पिंपळाला वळसा घालून, पत्र्याच्या डब्यातील ॲम्प्लिफायरांच्या आधाराने दम घेत घेत पुढच्या गल्लीत गेलेली. शेवटच्या बिऱ्हाडी ती पोचे तेव्हा पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच अधिक दिसत. टेबलावर लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. खोलीचा क्रमांक, नाव आणि पुढे बारा महिन्यांचे बारा खाने. अमुक तारेवर प्रत्यक्षात किती घरे आहेत, हे त्या वहीखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

ॲनालॉग तारेचा स्वभावच असा, की ती ज्याच्या घरी गेली त्याला तिच्यात असेल ते सर्व मिळावयाचे. एका घराला एक वाहिनी द्यावी आणि शेजाऱ्याला देऊ नये, अशी सोय तिच्यात सहजासहजी नव्हती. वाहिनीवाले दर घरामागे पैसे मागत. पण घरांचा आकडा हा घासाघिशीने ठरणारा आकडा असे, आणि तो वहीतल्या आकड्याहून पुष्कळच कमी असे. करमणूक कर वसूल करणाऱ्या सरकारी दप्तरातही जाहीर होईल तोच आकडा चढे. वाहिनीवाले मग दर वाढवीत, आणि त्याचा बोजा अखेर बिऱ्हाडकरूवर पडे.

पहिली मोजणी फसली. २००२ साली केबल कायद्यात दुरुस्ती होऊन सशुल्क वाहिन्या सेट-टॉप बॉक्स नावाच्या, घरागणिक मोजता येणाऱ्या पेटीतूनच पाहाव्यात असे ठरले. परंतु चार महानगरांपैकी एकट्या चेन्नईत २००३ च्या सप्टेंबरात त्याचा अंमल झाला, अन्यत्र पेट्यांची किंमत आणि लोकांचा रोष पाहून सरकारने हुकूम तहकूब केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ३१ डिसेंबर २००६ रोजी मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील काही भागांपुरता तो पुन्हा लागू झाला, तेव्हा एका सशुल्क वाहिनीचा महिन्याचा दर ५ रुपये ठरविलेला होता. मुंबईत रस्त्याच्या एका बाजूला पेटी आणि दुसऱ्या बाजूला जुनीच तार, अशा सीमा त्यामुळे पडल्या.

म्हणून २०११ च्या कायद्याने ॲनालॉग तारच बेकायदा ठरविली. महानगरांना दिलेली ३० जून २०१२ ची मुदत पेट्यांच्या तुटवड्यामुळे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांसह ३८ शहरांची पाळी ३१ मार्च २०१३ रोजी आली. आणि उरलेली नगरे व खेडी मुदतवाढींच्या मालिकेतून २०१७ पर्यंत रेंगाळली. प्रत्येक पेटीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकामागे ग्राहकाच्या सहीचा फॉर्म. मुंग्या गेल्या, आता संदेश क्षीण झाला तर चित्र चौकोनांत फुटून थिजू लागले.

हा कायदा आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. तथापि रयतेकडून थेट सारा घेणाऱ्या रयतवारीने देशमुख-देशपांड्यांच्या हातून जमाबंदी काढून घेतली, तसे येथे केबलवाल्याचे झाले, आणि याची खंत मला वाटते. ज्याने पावसात गच्च्या तुडवून तार ओढली, ज्याला मध्यरात्री सामना बंद पडला म्हणून लोकांनी झोपेतून उठवले, त्याची वही बड्या कंपनीच्या संगणकात गेली आणि तो स्वतः वसुली कारकून उरला. देशमुखांजवळ निदान वतनाची सनद होती. याच्याजवळ होता टपाल कचेरीतील नोंदणीचा एक कागद.

गच्चीवरच्या ॲन्टेनावर येणारे दूरदर्शनही पुढे थांबले; २०२२ पर्यंत त्याचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले, आणि ज्यांना फुकट पाहावयाचे त्यांच्यासाठी २००४ पासून चालत आलेली दूरदर्शनची उपग्रह तबकडी तेवढी राहिली.

त्या चाळीतला केबलवाला मात्र अजून वही ठेवतो. कोणती पेटी चालू आणि कोणती बंद, हे संगणक त्याला क्षणात सांगतो. पण वहीतल्या खान्यांत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले असते: ‘गावी गेले’, ‘म्हातारी एकटी, सावकाश घेणे’, ‘मुलगा इस्पितळात, पुढील महिन्यात’.