काडतूस कोणी भरायचं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या वेल्डरने मला दुकानात बोलावून एक कागद दाखवला. गाव आसेगाव, वाशीम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं. या नावाची गावं बरीच आहेत म्हणून एवढं सांगून ठेवतो. कागदावर पेन्सिलीने एक लोखंडी स्टँड काढलेलं होतं. खाली पसरट पाय, वर दीड फूट बाय एक फूट मापाची जाड प्लेट आणि प्लेटच्या पुढच्या कडेला जवळजवळ तीन भोकं. गिऱ्हाईक बाहेरगावचं होतं, परवान्याची तीनशेपंधरा बोरची रायफल असलेलं. 'काडतुसं भरायचं मशीन बसवायचं आहे, हलता कामा नये,' असं सांगून, नमुना म्हणून एक रिकामी पितळी पुंगळी ठेवून तो गेला होता.

"सर, हे काम धरू का नको, तेवढं सांगा," वेल्डर म्हणाला. "उद्या पोलीस आले तं मले कायले नेतीन?"

मी इतिहास शिकवतो, कायदा नाही. पण गावात मास्तराला हा फरक कोणी विचारत नाही.

आधी त्याने मला काम समजावलं. उडालेली पुंगळी बंदुकीच्या नळीत फुगते. ती पुन्हा वापरायची तर पोलादी साच्यात दाबून मूळ मापात आणावी लागते, आणि त्यासाठी लांब दांड्याचा दाब लागतो. दांडा खाली ओढला की सगळं स्टँड पुढे झुकू पाहतं, मागचे पाय उचलतात. लाकडी टेबल असेल तर कुरकुरतं आणि खिळे ढिले होतात. म्हणून दहा मिलिमीटरची प्लेट. चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो म्हणजे या मापाला साधारण अकरा किलो फक्त वरचा भाग. पायांना पन्नास बाय पन्नास बाय सहाचा अँगल, मीटरला साडेचार किलो. पाय तीन की चार यावर तो बराच वेळ बोलला. तीन पाय उंचसखल फरशीवरही डुगडुगत नाहीत, पण ओढीच्या दिशेने एक पाय नेमका पुढे यायला हवा, नाहीतर स्टँड कोपऱ्यावर कलंडतं. चार पाय करायचे तर आधी चारही कोपरे नुसते टाचायचे, दोन्ही कर्ण मोजायचे आणि मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने वेल्ड करायचे, कारण एका बाजूने सलग वेल्ड ओढला की लोखंड त्या बाजूला खेचलं जातं. दहा नंबरची रॉड, कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आणि शेवटी पाय जमिनीला बोल्टने आवळायचे. हे सांगताना तो पोलिसांना पार विसरला होता. कारागिराला चांगलं काम मिळालं की असंच होतं.

मी ती पुंगळी हातात घेऊन उलटी केली. बुडावर 'केएफ' ही अक्षरं ठोकलेली होती. म्हणजे खडकी फॅक्टरी.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच खडकीजवळ ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव झाला होता. पण १८६९ समजून घ्यायला १८१७ पेक्षा १८५७ जास्त उपयोगी पडतं.

१८५७ ची काडतुसं आपण शाळेत गाय आणि डुकराच्या चरबीपाशी संपवतो. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवत आलो. एन्फिल्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदाची गुंडाळी, आत दारू आणि गोळी. दाताने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुरबूर सुरू झाल्यावर सरकारने महिनाअखेरीस एक तोडगा काढला: कोठारातून काडतुसं वंगणाशिवाय द्यायची आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावायचं. पुढे दाताऐवजी हाताने कागद फाडण्याचीही मुभा दिली. तोवर उशीर झाला होता, कागदावरच शिपायांचा विश्वास उरला नव्हता. मला या तोडग्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. साम्राज्याच्या सेनेला काही आठवडे का होईना, काडतुसाचा शेवटचा हात शिपायाच्या हाती सोपवावा लागला.

हा हात नंतर परत घेतला गेला. थोडा तंत्रामुळे, थोडा धोरणामुळे. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने बॉक्सर यांचं धातूचं काडतूस स्वीकारलं. पुंगळी, टोपी, दारू, गोळी असं सगळं एकात बंद. ते बराकीत गुंडाळता येत नाही, त्याला यंत्रं आणि कारखाना लागतो. तीन वर्षांनी खडकी उभी राहिली. धातूचं काडतूस काही हिंदुस्थानी शिपायाला आवरण्यासाठी शोधलेलं नव्हतं, ते सगळ्या जगाच्या फौजांत आलं. पण इथे ते आल्यावर काडतूस कोणी भरायचं याचं उत्तर कारखान्याच्या भिंतीआड गेलं, आणि भिंत सरकारची होती.

मग १८७८. लॉर्ड लिटनने त्या एकाच वर्षी दोन कायदे केले, एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर आणि दुसरा शस्त्रांवर. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं पुस्तकात राहिला. १९५९ मध्ये नवा कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. वऱ्हाड तर १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असूनही कागदोपत्री निजामाचा मुलूख, त्यामुळे कायदे इथे वेगळ्या अधिसूचनांच्या वाटेने येत. बंदूकवाल्या शेतकऱ्याला त्या वाटेशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला परवाना लागत होता एवढंच खरं.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिला पुंगळीच नाही. दारू, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, गजाने ठासायचे आणि टोपी चढवायची. प्रत्येक बार हाताने भरलेला. 'फुसका बार' हा शब्द आपण पुढाऱ्यांसाठी वापरतो, पण तो आलाय याच कामातून: दारू ओली किंवा ठासणी ढिली असली की नुसता धूर निघतो. आजोबा बार भरताना कोणाशी बोलत नसत आणि चिलीम ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत. आम्हा मुलांना वाटे ते रागावलेत.

ज्या काळात आपल्याकडे बंदुकीला परवाना लागू लागला, त्याच काळात अमेरिकेत नेमकं उलटं चाललं होतं. १८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या जॉन बार्लो यांनी पुंगळ्या पुन्हा भरायची हाताची अवजारं विकायला काढली. पितळ महाग, दुकान लांब, म्हणून शिकारी घरीच काडतूस भरे. पुढे पक्कडीसारख्या अवजाराचा टेबलावर बसवायचा दाबयंत्र झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या घरांच्या गॅरेजमध्ये सुताराच्या टेबलाशेजारी काडतुसांचं टेबल आलं. आमच्या वेल्डरकडचा कागद त्या टेबलाचा दूरचा नातेवाईक.

आपल्याकडे ते टेबल का आलं नाही? गरिबी हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं परवान्याच्या पुस्तिकेत आहे. तिच्यात बंदुकीचा नंबर असतो तशी काडतुसांची मर्यादाही असते, आणि दुकानदार प्रत्येक खरेदी तिच्यात नोंदवतो. सरकारला बंदुका मोजता येतात, पण बार मोजता येत नाहीत. म्हणून ते काडतुसं मोजतं. एकच पुंगळी दहादा भरली तर पुस्तिकेत एक आणि शेतात दहा. घरी भरलेलं काडतूस हा हिशेबच मोडतं.

१९५९ चा कायदा हे ओळखून लिहिलेला आहे. त्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यात गोळ्या, बाँब, भरणीची दारू यांच्यासोबत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे काडतूस भरायचं मशीन कायद्याच्या लेखी स्वतःच दारूगोळा. पाचव्या कलमाप्रमाणे तो बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना त्याला पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा वेल्डर ग्राइंडर बंद करून उभा होता. "पण हे तं टेबल आहे," तो म्हणाला. "याच्यावर मशीन बसवा नाहीतर मिक्सर बसवा."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कापलेला अँगल आणि प्लेट म्हणजे यंत्रसामग्री नव्हे. पण ती तीन भोकं ठरावीक मशीनच्या बुडाच्या मापाची होती, आणि कशासाठी ते त्याला सांगितलेलं होतं. टेबल कुठे संपतं आणि मशीन कुठे सुरू होतं, हा वाद वकिलाने कोर्टात घालावा. वेल्डरने ठाण्यात घालायचा नसतो.

मला त्या गिऱ्हाइकाचा राग आला नाही. आमच्याकडे तुरीत रोही शिरतात, भुईमुगात रानडुकरं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. ती थांबायला हवीच होती, इथलं रान आधीच रिकामं झालेलं. पीक खाणाऱ्या जनावरासाठी परवानगीची वाट आहे, पण ती अर्जांची आहे आणि जनावर एका रात्रीत एकर साफ करतं. मग लोक कुंपणात उघडा करंट सोडतात आणि त्यात माणसं मरतात. त्यापेक्षा परवान्याची बंदूक बरी, असं माझं मत आहे. पण घरात भरलेल्या काडतुसाच्या बाजूने मी उभा राहणार नाही. दारू थोडी जास्त झाली तर नळी फुटते, आणि फुटते ती गालाजवळ. आजोबांच्या उजव्या भुवईत काळे ठिपके होते, गोंदल्यासारखे. ते कशाचे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. वेल्डरच्या दुकानात पुंगळी हातात धरून उभा असताना सुचलं.

गिऱ्हाईक आठवड्याने आलं. वेल्डरने पुंगळी आणि कागद परत केला, इसाऱ्याचे पाचशे रुपयेही. तो माणूस फारसं बोलला नाही. 'टेबल तरी द्या,' म्हणाला. वेल्डरने नाही म्हटलं.

अँगल कापून झाला होता, म्हणून स्टँड त्याने पुरं केलं. चार पाय, कोपऱ्यांत पट्ट्या. वरच्या प्लेटला तीनऐवजी चार भोकं पाडली आणि स्वतःचा सहा इंची वाइस बसवला. परवा मी गेलो तेव्हा त्यावर कोणाच्या तरी डवऱ्याची पास आवळून तो हातोड्याने सरळ करत होता. दणके चांगले बसत होते. स्टँड हललं नाही.