देवळातील नामावली आणि गावची माणसे

श्रींच्या कृपेने व समस्त ग्रामस्थांच्या सहकार्याने ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला असून कलशारोहणाचा मंगल सोहळा संपन्न होत आहे. अशा प्रसंगी देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरून ती सभामंडपात बसविण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्याच्या जोडीला, ज्या स्त्रीपुरुषांनी आपल्या कर्तृत्वाने गावाचे नाव राखले त्यांचीही एक स्वतंत्र नामावली असावी, असा विचार अलीकडे पुष्कळ गावांतून बोलला जातो. विचार स्तुत्य आहे. परंतु कोणाचे नाव घालावयाचे आणि कोणाचे नाही, हा प्रश्न निघाला की पारावरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. नाव राहिले तर राग, नाव घातले तरी राग. म्हणून या बाबतीत आपल्या पूर्वजांनी काय केले, हे पाहणे अगत्याचे आहे.

दात्याचे नाव दगडावर कोरण्याची चाल महाराष्ट्रात दोन हजार वर्षांची आहे. पुणे जिल्ह्यात लोणावळ्यानजीक कार्ले येथील लेण्यात मोठे चैत्यगृह आहे. हे एवढे प्रचंड काम कोणा एका राजाने केले असेल असे पाहणाऱ्यास वाटते. पण तेथील ब्राह्मी लेख वाचले म्हणजे निराळीच हकिगत कळते. एकेक खांब एकेका दात्याने दिलेला आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या व्यापाऱ्यांची व यवनांची नावे खांबांवर आहेत. सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गांध्याने दरवाजा दिला. आसाढमिता नावाच्या भिक्षुणीचेही दान तेथे नोंदलेले आहे. विशेष म्हणजे, वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने दरवाजाचे काम केले, त्याचेही नाव तेथे कोरलेले आहे. म्हणजे पैसे देणारा आणि हात राबविणारा, दोघांचीही नावे एकाच दगडाने सांभाळली. आज आपल्या नामफलकांवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार यांची नावे असतात. गवंड्याचे व पाथरवटाचे नाव क्वचितच आढळते. याचा विचार व्हावा.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष पंढरपूरचे. श्रीविठ्ठल मंदिरात ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ म्हणून प्रसिद्ध असलेला लेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात मंदिरासाठी ज्यांनी ज्यांनी दान दिले, त्यांची ती यादी होय. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव व त्याचा प्रधान हेमाद्रीपंडित यांची नावे त्यात आहेत, आणि त्याच यादीत दूरदूरच्या मुलुखांतून आलेल्या इतर दात्यांचीही नावे आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या मंदिराचा हा देणगीफलकच म्हणावयाचा. पुढे या दगडास पाठ घासली म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत झाली. पाठी घासून घासून अक्षरे झिजली. विद्वानांनी मोठ्या कष्टाने लेख वाचला, तरी काही नावे कायमची गेली. कोरलेले नावसुद्धा अमर नसते, ते कोणी वाचीत राहिले तरच टिकते, हा यातला बोध आहे.

याच मंदिराच्या महाद्वारी आणखी दोन स्मारके आहेत. श्रीसंत नामदेव महाराजांनी देवाजवळ उंच जागा मागितली नाही. संतांचे पाय लागावेत म्हणून पायरीची जागा मागितली. तीच नामदेव पायरी. तिच्यासमोर श्रीसंत चोखामेळा यांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. चोखोबा वेठीने भिंत बांधणारे मजूर होते. ज्या देवाचे ते निस्सीम भक्त होते त्याच्या मंदिरात त्यांना व त्यांच्या समाजबांधवांना पाऊल टाकण्यास बंदी होती. ती उठण्यास सहाशे वर्षे लागली. १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले व दहाव्या दिवशी मंदिर सर्वांस खुले करण्याचा निर्णय झाला. दाराबाहेर समाधी बांधून मान दिला, पण दार मात्र उघडले नाही, हा इतिहास प्रत्येक जीर्णोद्धार समितीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता वीरगळांकडे वळू. पुष्कळ गावांत मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ किंवा ओढ्याकाठी उभे कोरीव दगड पडलेले असतात. कोणी त्यांना शेंदूर फासून देव मानतात, तर कोणी त्यांवर धुणी धुतात. ते गावच्या वीरांचे स्मारक असते. वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. तळाच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला दिसतो. काही ठिकाणी तेथे गाईगुरे कोरलेली असतात. गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो मेला, असा त्याचा अर्थ. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, ही भावना त्यात आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे असेच वीरगळ आहेत. त्यांपैकी काहींवर चक्क गलबतांची लढाई कोरलेली आहे.

परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही नाही. ज्यांनी ते उभारले त्यांना वीराचे नाव ठाऊक होते, ते कोरण्याची गरज वाटली नाही. चार पिढ्या गेल्या आणि नाव लोपले. चंद्रसूर्य शाबूत राहिले, पण ज्याच्यासाठी ते कोरले तो माणूस कोण, हे सांगणारा कोणी उरला नाही.

नाव असणे आणि नसणे यांतील अंतर इंग्रजी अमदानीतही दिसते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे लढाई झाली. तेथे कंपनी सरकारने उभारलेल्या जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी बावीस नावे महार शिपायांची असून ती ‘नाक’ या प्रत्ययावरून ओळखू येतात. नावे कोरलेली होती म्हणूनच शंभर वर्षांनंतर त्यांच्या वंशजांना ती वाचता आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे जाऊन अभिवादन केले आणि पुढे लाखोंचा समुदाय तेथे जमू लागला. उलट, १९१४ च्या महायुद्धानंतर सरकारने सैन्यात माणसे देणाऱ्या अनेक गावांत ज्या शिळा बसविल्या, त्यांवर या गावातून इतकी माणसे लढाईवर गेली व त्यांपैकी इतकी कामास आली, एवढाच हिशेब आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. आजही घरटी सैनिक देणारे हे गाव अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. आकड्याने गावाचा मान वाढतो हे खरे. पण ज्या घरचा मुलगा परत आला नाही त्या घराला आकडा पुरत नाही, नाव लागते.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव काही अंशी भरून निघाली. १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले, पेन्शनची योजना सुरू झाली आणि विकास गटांच्या ठिकाणी त्यांच्या नावांचे स्तंभ उभे राहिले. पुढे १९८० च्या दशकात राज्यात ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधण्यात आली. खटाव तालुक्यात वडूज येथील कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा नेताना गोळीबारात पडलेले वडगावचे परशुराम घार्गे व त्यांचे साथी यांचे स्मरण आजही होते. उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात जे हुतात्मे झाले, त्यांत नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी ही नावे आहेत. नावांवरूनच कळते की गावच्या लढ्यात गावची सगळी आळी उतरली होती. त्यांची नावे एका ओळीत वाचली जातात, त्यात वर-खाली कोणी नाही.

या नामावल्यांत एक उणीव मात्र ठळक आहे. स्त्रियांची नावे अगदी थोडी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, याची आठवण किती ठिकाणी काढली जाते? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात व जात्यावर त्यांच्या तोंडून निघालेली गाणी मुलगा सोपानदेव व एका आप्ताने वहीत उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या, ती वही आचार्य अत्रे यांच्या नजरेस पडली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. ती वही नसती तर आसोद्याची एक कष्टाळू शेतकरीण एवढीच त्यांची ओळख राहिली असती. अशा न लिहिलेल्या वह्या गावोगाव किती असतील याची गणती नाही. रात्री-अपरात्री बाळंतपणे करणारी सुईण, दुष्काळात दारी आलेल्यास भाकर देणारी घरधनीण, यांचे नाव कोणत्याच सरकारी कागदात मिळत नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनच मिळवावे लागेल, आणि तेही ती माणसे आहेत तोवरच.

बाकीच्यांसाठी कागद आहेत. पुष्कळांना ठाऊक नसते, पण गावचा इतिहास तालुक्याच्या अभिलेख कक्षात बांधलेला असतो. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडतात. जुनी पाने मोडीत असल्यास मोडी वाचणारा गाठावा लागतो. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख व शाळा सोडल्याची तारीख असते. जमिनीचे फेरफार पाहिले म्हणजे शाळेसाठी, विहिरीसाठी, पाणंदीसाठी जागा कोणी सोडली, ते कळते. ग्रामपंचायतीची जुनी प्रोसिडिंग बुके आहेत. ऐकीव गोष्टीला या कागदांचा आधार मिळाला म्हणजे वाद मिटतो आणि कोणाच्या मनात किंतु राहत नाही.

वरील सर्व उदाहरणांवरून नामावली करताना पाळावयाच्या काही गोष्टी आपोआप निघतात. देणगीदारांची यादी व गावच्या मानकऱ्यांची यादी वेगळी असावी, म्हणजे पैशाने मान घेतला असे कोणी म्हणणार नाही. देणगीदारांच्या उदारपणाला त्यामुळे कमीपणा येत नाही. उलट, त्यांचे दान निरपेक्ष होते हेच त्यावरून सिद्ध होते. सर्व नावे सारख्या अक्षरांत असावीत. प्रत्येक नावापुढे त्याचे काम एका ओळीत व शक्य तेथे साल लिहावे, नाहीतर पन्नास वर्षांनी ते नाव वीरगळासारखे मुके होईल. कोणत्याही आळीचे नाव वगळले जाऊ नये. गवंडी, सुतार, पाथरवट व श्रमदान करणारे यांची नोंद व्हावी. यादी पक्की करण्यापूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. आणि फरशीवर खाली भरपूर जागा मोकळी सोडावी. गावात अजून मुले जन्माला येत आहेत, ती काय करून दाखवतील हे आज कोणी सांगू शकत नाही.

एवढे करूनही कोणाचे तरी नाव राहीलच. त्यांच्यासाठी श्रीसंत गाडगे महाराजांचे उदाहरण आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, पण स्वतः मात्र तेथे कधी धनी म्हणून राहिले नाहीत. ज्या गावी कीर्तन, त्या गावचा रस्ता आधी हातातल्या खराट्याने झाडावयाचा, हा त्यांचा परिपाठ. शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानाला २००० साली त्यांचे नाव दिले गेले. नाव न मागणाऱ्याचे नाव असे गावोगाव पोचले.

सभामंडपात लागणारी नावे गावातील मुलांनी येता-जाता वाचावीत, घरी जाऊन हे कोण होते म्हणून विचारावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ते सांगावे, म्हणजे फरशीचे सार्थक होईल.