मत्स्यन्याय आणि सांगोल्याचा करार

मोठा मासा लहान माशास गिळतो. म्हणून बलवानाने दुर्बलास गिळणे हा सृष्टीचाच नियम होय, असा युक्तिवाद विषमतेच्या समर्थनार्थ आजही केला जातो. प्राचीन राज्यशास्त्राने या स्थितीस 'मत्स्यन्याय' म्हटले. पाली वाङ्मयात, मज्झिमनिकायाच्या बालपण्डित सुत्तात, तिला 'दुब्बलखादिका' असे नाव आहे. परंतु तेथे ते पशुयोनीचे लक्षण आहे. जेथे धम्मचर्या नाही तेथील ती अवस्था आहे. माणसाने तिचे अनुकरण करावे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

कौटिल्याने मत्स्यन्यायावर दंड हा उपाय सांगितला. पण दंडधारीच मोठा मासा झाला तर काय? याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याच्या इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

१५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू निवर्तले व रामराजे गादीवर आले. पुढील वर्षी यमाजी शिवदेव यांनी सांगोल्यात पेशव्यांविरुद्ध उठाव केला. सदाशिवरावभाऊंनी तो मोडला आणि सप्टेंबर १७५० मध्ये तेथेच झालेल्या कराराने राज्यकारभाराची सत्ता पेशव्यांकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. धनी नाममात्र उरला, सेवक धनी झाला. पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी याच जिल्ह्यातील आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती आले आणि त्याच वर्षी पेशवाईही संपली. गिळणाऱ्यास गिळणारा भेटला.

या उलथापालथीत तळाच्या माणसाचे काय झाले? पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडके व कमरेस झाडू होता, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात केली. राज्य कंपनीचे झाले तरी महार वतनाची वेठ सुटली नाही. वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले. ही वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. माणदेशच्या माळावर लांडगाही मेंढी मारतो. पण मरणे हाच तिचा धर्म, असे तो सांगत नाही, की आपल्या पिलांस तिच्यावर पिढीजात हक्क लिहून देत नाही. जातिव्यवस्थेने हे दोन्ही केले. म्हणूनच तिला निसर्गनियम म्हणणे हा निसर्गावरही अन्याय होय.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त या प्रश्नाच्या मुळाशी जाते. धम्माने चालणाऱ्या राजाने प्रजेचेच नव्हे, तर पशुपक्ष्यांचेही रक्षण करावे, असे ते सांगते. राजाने निर्धनांस धन दिले नाही; त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हत्या वाढत गेली. अखेर सात दिवस माणसे एकमेकांस शिकारीची जनावरे समजू लागली. या अवस्थेस सुत्ताने 'मिगसञ्ञा' म्हटले आहे. तथापि काही जण ना मारण्यास, ना मरण्यास तयार झाले. ते रानात व डोंगरकपारीत लपले, आठव्या दिवशी बाहेर आले, एकमेकांस आलिंगन दिले आणि प्राणिहत्या न करण्याचा निश्चय त्यांनी केला. पुढील उत्कर्षाचा आरंभ तेथून झाला.

आपण पिढ्यान्‌पिढ्या भक्ष्याच्या जागी होतो. आज आपल्यापैकी काहींच्या हाती पद, पैसा व अधिकार आला आहे. घरातील स्त्री, शेतावरील मजूर, आपल्याहून दुबळी जात यांच्याशी आपण कसे वागतो, हे तपासल्यावाचून विहारात घेतलेले पहिले शील पुरे होत नाही. भक्ष्य न होण्याचा लढा बाबासाहेबांनी शिकविला. भक्षक न होण्याची दीक्षाही त्यांनीच दिली आहे.